शिंगाचं धनुष्य: आपल्या दमट हवेत पहिल्यांदाच करायचं तर सुरुवात कुठून?

कुळागर | १२ जून

नमस्कार मंडळी. राहायला डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीत. आजोबा सुतार होते. त्यांचे रंधे, पटाश्या, कानशी माझ्याकडे आहेत आणि रविवारी त्यातलं काहीतरी हातात घेतल्याशिवाय मला करमत नाही. आजवर पाट, दोन खुर्च्या आणि भाचीसाठी एक पाळणा केलाय. आता मनानं शिंगाचं धनुष्य घेतलंय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मधे लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा. पोटाकडून, म्हणजे धनुष्य धरणाऱ्याच्या बाजूनं, म्हशीच्या शिंगाची पट्टी. पाठीवर जनावराच्या नसेचे, म्हणजे मांस हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीचे तंतू सरसात, म्हणजे कातडं-हाडं उकळून केलेल्या चिकटवणात भिजवून बसवलेले. दोरी ओढली की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. शिंग दाब सोसतं, नस ताण सोसते, त्यामुळे एवढंसं धनुष्य पुरुषभर उंचीच्या लाकडी धनुष्याला भारी पडतं. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळतं, काही तर गोल कड्यासारखी होतात. कोरियाहून आलेलं असं एक मित्राकडे हातात घेतलं. वजन जवळजवळ नाहीच, पण ओढायला गेलो तर दंड थरथरला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

विचारायचं असं की, आपल्या हवेत हे टिकेल का? शिंग कुठून मिळवू? आणि आजवर एकही धनुष्य केलेलं नाही, तर थेट यालाच हात घालू की आधी साधं करू? घरून विरोध नाही. आईची एकच अट आहे, नसा घरात आणायच्या नाहीत.

सुतारपक्षी | १२ जून

आईचं ऐक. तो वास पडद्यांत बसला की आठवडाभर हलत नाही. गोठा किंवा मागची पडवी बघ. सविस्तर रात्री लिहितो.

दमट_हवा | १२ जून

मन मोडायचं नाही, पण गोव्यात नको असंच सांगेन. सरस पाण्यात विरघळतो, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. जुलैत आपल्याकडे हवेत ८५-९० टक्के ओलावा असतो. ती हवा सरसही पितो, नसाही पितात. धनुष्य आधी मऊ पडतं, मग पिळतं, मग शिंगाची पट्टी सुटते. मुघल काळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं केली गेली, त्यामागे हवा हे एक मोठं कारण होतं. शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगली तरी सुटायला त्यात सरसच नाही. बाण तेवढ्या जोरानं जात नाही, पण ऐन वेळी दगा देत नाहीत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चाललं त्यांना जर पोलादाकडे वळावं लागलं, तर नवशिक्यानं कशाला या वाटेला जावं?

तिरकमठा | १३ जून

@दमट_हवा, पोलादाचं बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही. त्याच काळात, त्याच हवेत शिंगाची धनुष्यंही होतीच. ती करणाऱ्यांना कमानगर म्हणत. कच्छात बंदुका आल्यावर कमानगरांनी भिंतीवरची चित्रं काढायला घेतली, त्या चित्रकलेला आजही कामांगरी म्हणतात. धंदा बंद पडला तो पावसानं नव्हे, बंदुकीनं. आणि कोरियातही ऐन उन्हाळ्यात धुवांधार पाऊस असतो. तिथं गाकगुंग हे शिंगाचं धनुष्य अजून केलं जातं, नेमबाज ते उबदार पेटीत ठेवतात आणि पेटीतून काढूनच मैदानावर नेतात. तेव्हा ओलाव्याशी जमवून घ्यायची रीत आहे. आपल्याला ती आपल्या पंचांगात बसवायची आहे, एवढंच.

मी सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईपासून जवळ. चार केली. दोन मोडली, दोन चालतात, त्यातल्या एकाला सात वर्षं झाली. माझी रीत सांगतो.

पावसाळ्यात काहीही चिकटवायचं नाही. मृग ते हस्त हे दिवस शिंग कापायचे, तासायचे, गाभ्याचं लाकूड निवडायचे. दसरा झाला, पाऊस ओसरला, की शिंग गाभ्याला जोडायचं. तुळशीचं लग्न झालं की नसा. नाताळ ते शिमगा हा आपला सोन्यासारखा काळ. रात्री गारवा, दुपारी कोरडं ऊन, घाटाकडून येणारा वारा. त्या दिवसांत माझ्याकडे सरस असा सुकतो की नखानं वाजवला तर काचेसारखा वाजतो. शिमग्याच्या आत नसांचे थर पुरे झाले पाहिजेत. पुढे मे अखेरपर्यंत नुसतं सुकवणं. पाऊस सुरू होण्याआधी पेटीत, आणि पहिली दोरी पुढच्या दिवाळीनंतर.

हो, दीड वर्ष. घाई केली तीच दोन मोडली.

पेटी म्हणजे काही मोठं नाही. जुनं लाकडी कपाट, तळाला ४० वॅटचा पिवळा बल्ब, वरच्या फळीला दोन भोकं, आत एक आर्द्रतामापक. काटा ५० च्या आसपास राहिला की मी निवांत. वीज गेली तर मात्र रात्री दोनदा उठून बघतो, कारण आमच्या भागात पावसात वीज कधी येईल ते सांगता येत नाही.

रानवाट | १३ जून

शिंगाची शोधाशोध सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट. शिंग पाळीव म्हशीचंच हवं. गवा आपला राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माळ्यावर पणजोबांच्या काळातलं शिंग सापडलं तरी त्याला करवत लावू नका. काहीजण सांबराचं चालेल का विचारतात. सांबराचं शिंग हे मुळात हाड. ते धनुष्याच्या पोटाला उपयोगाचंच नाही, आणि कायद्यानंही हात लावता येत नाही. म्हशीचं घेतानाही कुठून घेतलं त्याचा कागद जवळ ठेवा. नाक्यावर कुणी पिशवी उघडून बघितली तर तोंडी सांगून भागत नाही.

कुळागर | १३ जून

@तिरकमठा, देव बरें करूं. दीड वर्ष ऐकून धीर आला, कारण मला तर वाटत होतं तीन-चार लागतील. @रानवाट, हे डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलं. मग म्हशीचं कुठलं? आमच्या वाड्यावर दोघांकडे म्हशी आहेत, पण शिंगं जिलेबीसारखी.

गवळीवाडा | १३ जून

जिलेबी म्हणजे मुऱ्हा. दुधाला छान, धनुष्याला नाही. त्या शिंगातून सरळ पट्टी वीतभरही निघत नाही.

तुला हवी पंढरपुरी. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची. चेहरा लांब, आणि शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत, कधी त्याच्याही पलीकडे गेलेली. दीड फूट सहज. कोल्हापुरात गंगावेशीत समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात ना, त्या कट्ट्यावर एकदा नुसता उभा राहा. दूध पी आणि शिंगं बघ.

शिंग निवडताना बाहेरची बाजू बघायची, जी वाकाच्या बाहेरून जाते. पट्टी तिथूनच काढायची. आतल्या बाजूला आडव्या वळ्या खोल असतात, तिथं दम नसतो. उन्हाकडे धरून आरपार बघ, बारीक भेगा केसासारख्या पांढऱ्या दिसतात. एक जरी दिसली तरी ठेवून दे. जुनं, वाळवी लागलेलं, उन्हात पडलेलं नको. शिंग वरून काळंभोर दिसतं म्हणून फसायला होतं.

आणि एका धनुष्याला दोन्ही पट्ट्या एकाच म्हशीच्या घे, डावी आणि उजवी. त्यांचा स्वभाव जुळतो.

शब्दवेडी | १४ जून

पंढरपुरी म्हशीचं ऐकून राहवलं नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, त्यापासून शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचं केलेलं. आपण अभंगात ज्याला शारंगधर म्हणून आळवतो, तो शिंगाचं धनुष्य धरणारा. विठोबाचं हे नाव आपण किती वेळा घेतो आणि त्यात धनुष्य कशाचं होतं ते स्पष्ट सांगितलंय, तिकडे लक्षच जात नाही. म्हणजे पंढरीच्या शारंगधराला पंढरपुरी म्हशीचंच शिंग!

थोडं आणखी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यं चार गोष्टींची सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोऱ्या कशाच्या तेही आहे. मूर्वा, रुई, ताग, बांबू अशी नावं आहेत आणि त्यातच स्नायू, म्हणजे आपली नस. मूर्वा आपल्याकडे कातळावर, कुंपणाकडेला दिसते, घोणसफणा म्हणतात ती त्याच कुळातली. तेव्हा @कुळागर, तू काही परकं करत नाहीयेस.

गवळीवाडा | १४ जून

हे म्हशीला सांगायला पाहिजे. :)

माजघर | १४ जून

शब्दवेडी, +१. शारंगपाणी आडनावाचा अर्थ आज कळला. आमच्या शेजारीच राहतात, त्यांना आत्ता जाऊन सांगते.

यंत्रवाला | १४ जून

मी इंजिनिअर माणूस. ओलाव्यावर एवढी चर्चा, मग सरसच कशाला? इपॉक्सी लावा. पाणी पीत नाही, दोन दिवसांत घट्ट. नसेच्या जागी काचतंतू लावा. काम महिन्यात होईल, पावसात बाहेर टांगलं तरी काही होणार नाही. जुन्या लोकांकडे इपॉक्सी असतं तर त्यांनीही तेच वापरलं असतं.

तिरकमठा | १४ जून

काचतंतूचं धनुष्य चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण ते वेगळं धनुष्य. प्रश्न नसेचा आहे. नस सरसात ओली करून बसवली की सुकताना ती आकसते. सरसही आकसतो. दोघं मिळून धनुष्याला पाठीकडे खेचतात. तू सकाळी बघितलंस त्यापेक्षा ते संध्याकाळी जरा जास्त वळलेलं असतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. दोरी लावण्याआधीच नसेत ताण भरलेला असतो, तो असा. इपॉक्सीत नस आकसत नाही, जशी लावली तशी राहते. मग नस लावून उपयोग काय?

दुसरं, सरस चुकला तर गरम पाण्यानं सोडवून पुन्हा लावता येतो. शिंगाची पट्टी मी एकदा वाकडी बसवली होती, वाफेवर धरून काढली आणि परत लावली. इपॉक्सीत ती पट्टी गेली असती, आणि पंढरपुरी शिंगाची जोडी काही रोज मिळत नाही.

यंत्रवाला | १५ जून

आकसण्याचा मुद्दा खरंच माहीत नव्हता. म्हणजे आधीच ताण भरलेल्या काँक्रीटसारखं झालं, पुलाच्या तुळईत आम्ही तारा ताणून ठेवतो तसं. मग मान्य. शिंग आणि गाभा यांच्यामधे तरी इपॉक्सी चालावं, तिथं आकसण्याचा प्रश्न नाही.

तिरकमठा | १५ जून

तिथं चालतं, काहीजण करतात. नवशिक्यानं तसं केलं तर मी भांडणार नाही. मी मात्र सरसच लावतो.

सुतारपक्षी | १५ जून

रात्री लिहितो म्हणालो होतो, तीन रात्री गेल्या. नसांचं सांगतो, कारण नवा माणूस इथंच कंटाळतो.

नस म्हणजे मागच्या पायाच्या टाचेपासून वर जाणारी जाड दोरी. खाटकाला "टाचेची नस, अख्खी, मधे न कापता" असं सांगायचं. उसगावला कत्तलखाना आहे, तिथून माल उचलणाऱ्यांपैकी कुणाशी ओळख काढली तर मिळतात. आणल्या की चरबी आणि मांस खरवडून काढायचं, आणि तारेवर टांगायच्या. सावलीत, पण वाऱ्यावर. मांजरापासून जपून. आठ-दहा दिवसांत त्या पिवळट, अर्धपारदर्शक, शिंगासारख्याच कडक होतात. कोरड्या नसेला वास जवळजवळ राहत नाही.

मग ठोकणं. पाट्यावर ठेवून लाकडी मोगरीनं. लोखंडी हातोडी नको, तंतू तुटतात. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, दगडावर दगड मारल्यासारखं वाटतं. मग एकाएकी आवाज बदलतो. टण्ण जातो आणि थप्प येतो. त्या जागी नस पांढरी पडते, चिरते, आणि आतून तंतू दिसायला लागतात. ज्यांनी सोडणातून काथ्या काढताना बघितलंय त्यांना हे लगेच ओळखू येईल, फक्त हे तंतू रेशमासारखे असतात. बोटांनी फाडत जायचं, बारीक, आणखी बारीक. नंतर फणीनं विंचरायचं. मी जुनी लाकडी फणी वापरतो. विंचरून झालेली जुडी उजेडात धरली की म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी चमकते.

एका पायामागून मला जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम तंतू मिळतात. लांबीप्रमाणे वेगळे करून जुड्या बांधून ठेवायच्या, लांब मधल्या भागाला, आखूड कडांना. मी रोज संध्याकाळी अर्धा तास करतो. बोटांना घट्टे पडतात, पण हात एकदा चालायला लागले की दिवसभराचं सगळं डोक्यातून उतरतं.

चिकटवताना सरस ६० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, आणि सकाळी सरसाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं. उकळला तर त्याची ताकद गेली, तो पुन्हा वापरू नका. जुडी सरसात बुडवून, बोटांच्या चिमटीतून निथळून, पाठीवर विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून बसवायची.

होडी | १६ जून

आमचं घर शापोऱ्याला, म्हणून माशाबद्दल. कोरियातले कारागीर चिकटवायला माशाच्या फुग्याचा सरस वापरतात, आणि तो मासा आपल्या ढोम्याच्या कुळातला. घोळ, ढोमा, सगळे त्याच घरातले. घोळीचं भोत, म्हणजे फुगा, सोन्याच्या भावानं जातं, त्याच्या नादी कुणी लागू नका. पण ढोम्याचे लहान फुगे मासे साफ करताना फेकूनच देतात. मी दोन महिने कोळणीला सांगून गोळा करवले, पडदा सोलून धुतले, कडक सुकवले, मग बारीक कापून कोमट पाण्यात विरघळवले. येणारा सरस पातळ, पारदर्शक आणि जरा लवचिक. सुतारी सरसापेक्षा हळू धरतो, त्यामुळे हात फिरवायला वेळ मिळतो. नवशिक्याला हा वेळ फार मोलाचा.

मी धनुष्य केलेलं नाही. सतार दुरुस्तीसाठी वापरला, तीन पावसाळे झाले, सांधा हललेला नाही.

तिरकमठा | १६ जून

@होडी, हे माझ्यासाठीही नवीन. कोरियाचं वाचलं होतं, पण ढोम्यापर्यंत डोकं गेलं नाही. फुगे मिळवून द्याल का? पैसे देतो.

होडी | १६ जून

पैसे कसले. ऑगस्टनंतर बोटी सुटल्या की सांगते.

तुळस | १७ जून

वाचतेय सगळं, रागावू नका. हे सगळं जनावराचंच आहे, शिंग, नसा, सरस, माशाचा फुगाही. आजच्या काळात हौसेसाठी हे करावं का, असं मनात आलं.

गवळीवाडा | १७ जून

राग कशाचा. माझ्याकडे सध्या जी शिंगं आहेत ती आमच्याच म्हशीची. सोळा वर्षं दूध दिलं, म्हातारी होऊन गेली. आम्ही तिला बांधाकडेला पुरली. दोन वर्षांनी खड्डा उकरायची वेळ आली तेव्हा शिंगं तेवढी काढून घेतली. आजी म्हणाली, घरात राहू दे काहीतरी तिचं. त्याचं मी अजून काही केलेलं नाही, हात धजत नाही. पण एखाद्यानं मन लावून धनुष्य केलं तर मला ते आवडेल. फेकून देण्यापेक्षा बरं.

तुळस | १७ जून

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी कधी केलं तर बांबूचंच करीन, पण तुमचं म्हणणं पोचलं.

देवळाकडचा | १७ जून

धाग्याचं नाव वाचून आलो, मला वाटलं देवळातलं शिंग. पालखीच्या वेळी वाजवतात ते. आमच्याकडे पितळेचं आहे. वाजवायला माणूस मिळत नाही हल्ली, पंचक्रोशीत दोघेच उरलेत. कुणाला शिकायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, चेष्टा नाही.

शब्दवेडी | १७ जून

@देवळाकडचा, त्याच्यावर वेगळा धागा काढाच. मी पहिली येईन.

दमट_हवा | १८ जून

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहून गेला. आधी साधं की थेट हे? माझं मत, आधी निदान पाच साधी. पोफळीच्या कांबीचं, बांबूचं, काहीही. वाक सारखा आणणं हाताला कळलं पाहिजे. ते शिंगावर शिकायला गेलात तर शिंग फुकट.

सुतारपक्षी | १८ जून

पाच जास्त झाली. पण एक तरी हवंच. आपल्या कोकणातला माणगा बांबू भरीव असतो, त्याचं छान होतं. शिंगाच्या धनुष्याच्या गाभ्यालाही मी माणगाच लावतो, गाठी तासून.

तिरकमठा | १८ जून

मी थोडं वेगळं सांगतो. लाकडी धनुष्य करून वाक कळतो, पण चिकटवणं कळत नाही, आणि शिंगाची धनुष्यं मोडतात ती बहुतेक चिकटवण्यात. तेव्हा माणग्याचं एक कर, आणि त्याच्याबरोबर वीतभर लांबीचा नमुना कर. शिंग, गाभा, नस, तिन्ही थर. महिनाभर सुकव. मग पकडीत धरून हातानं वाकव, मोडेपर्यंत. मोडला की बघ कुठून मोडला. शिंगच तुटलं किंवा नस फाटली तर सरस चांगला लागला. पट्टी स्वच्छ, गुळगुळीत सुटून आली तर पृष्ठभागावर तेल होतं.

शिंगाला चिकटवण्याआधी बोट लावायचं नाही, हे लिहून भिंतीवर लाव. बोटाचं तेल पुरतं. मी रिठ्याच्या पाण्यानं धुतो, सुकवतो, आणि त्याच दिवशी पातळ सरसाचा हात देतो. मग दुसरा, तिसरा, असे सात-आठ. आणि दोन्ही पृष्ठभागांवर लांबीच्या दिशेनं चर पाडायचे, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या चरांत बसतील असे. त्यासाठी हॅकसॉच्या पात्याचे तुकडे एकाला एक लावून बांधले की झालं हत्यार. जोडताना सायकलच्या ट्यूबची पट्टी करून करकचून गुंडाळायची.

ओढायचा जोर कमी ठेव. जुन्या तुर्की धनुष्यांच्या गोष्टी वाचून माणूस हुरळतो. तिसऱ्या सलीम सुलतानानं १७९८ मधे ९७२ यार्ड, म्हणजे जवळपास ८८९ मीटर बाण मारल्याची नोंद आहे. ते आखूड, अतिवळणाचं धनुष्य आयुष्य घालवलेल्या कारागिरानं केलेलं. तू लांब कर, सव्वाशे सेंटिमीटरच्या पुढे, वळण कमी, जोर ३० ते ३५ पौंड. लांब धनुष्य चुका पोटात घालतं.

आणि पहिली दोरी एकट्यानं चढवायची नाही. उलट वळलेलं धनुष्य हातातून पिळलं तर एका क्षणात उलटतं, तोंडावर बसतं. माझं दुसरं तसंच गेलं, भुवईवरची खूण अजून आहे. दोघं लागतात, आणि वळणाच्या मापाचे दोन लाकडी साचे.

दमट_हवा | १८ जून

नमुन्याची गोष्ट पटली. माझी पाच मागे घेतो. पावसाबद्दलचं मात्र घेत नाही, पेटी नसेल तर करू नको.

कुळागर | २ नोव्हेंबर

धागा वर आणतो. दिवाळीच्या गडबडीत लिहायचं राहिलं.

माणग्याचं धनुष्य झालं. ओढायचा जोर काट्यावर २७ पौंड भरला. एका बाहीचा, म्हणजे मुठीच्या एका बाजूच्या भागाचा वाक मधेच कोपरासारखा येत होता. तीन रविवार तिथं हात न लावता त्याच्या दोन्ही बाजूंनी काचेच्या तुकड्यानं खरवडत राहिलो, तेव्हा कुठं गोलाई आली. भाचा रोज बाण मारतो, बाबांनी नारळाच्या सोडणांची भिंत करून दिलीय.

नमुने दोन केले. पहिला सुटला, गुळगुळीत. @तिरकमठा म्हणाले तसं तेलच होतं. रिठ्यानं धुतलं, पण नंतर जागेवर बसतंय का बघायला हातात घेतलं होतं. दुसऱ्याला चिमट्यानंच धरलं. काल पकडीत वाकवला. शिंग मधून तुटलं, सांधा तसाच राहिला. तुटल्याचा आवाज ऐकून आई धावत बाहेर आली. मी तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाली, तुझ्या आजोबांचा सरस असाच लागायचा.

कपाटाची पेटी तयार आहे. सप्टेंबरभर रिकामी चालवून बघितली. बल्ब बंद असताना ८४, चालू असताना ५२. @दमट_हवा, हा आकडा खास तुमच्यासाठी.

@गवळीवाडा यांनी ती शिंगं दिली. त्यांच्या म्हशीची. घ्यायला मी आणि बाबा गेलो होतो, त्यांच्या आजींनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. पट्ट्या कापल्यात, डावी-उजवी खूण केलीय. एका पट्टीला टोकाकडे दोन इंचांवर बारीक भेग दिसतेय, बाकी स्वच्छ. लांबी पुरेशी आहे, टोक कापून टाकू की भेगेत सरस भरून बघू?

गवळीवाडा | २ नोव्हेंबर

काप. भेग सरसानं थांबत नाही.

आजीनं विचारलंय, झाल्यावर दाखवायला आणशील ना.

तिरकमठा | २ नोव्हेंबर

कापच. आणि दुसरीही तेवढीच काप, जोडी सारखी राहू दे. ५२ म्हणजे उत्तम. तुळशीच्या लग्नाआधी जोडून घे, मधे पंधरा दिवस तरी मिळाले पाहिजेत.

दमट_हवा | ३ नोव्हेंबर

५२ बघितलं. पुढच्या जुलैतला आकडाही टाक.

होडी | ३ नोव्हेंबर

फुगे सुकलेत. दोन पाकिटं केलीत, एक तिरकमठांना, एक कुळागरला. म्हापशाला शुक्रवारी बाजारात येतेय, कुठं भेटायचं सांगा.

सुतारपक्षी | ३ नोव्हेंबर

सोमवारी उसगावच्या बाजूला जातोय. @कुळागर, नसा तुझ्यासाठीही घेऊ का? किती?

कुळागर | ३ नोव्हेंबर

दहा घ्या. पडवीत तार बांधून ठेवतो.